‘एकदा लावलं की सुटत नाही’

स्लीप स्टडीचा अहवाल घरी आला की त्यावर चर्चा होते आणि त्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं. झोपेत तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो, असं कागदावर छापलेलं असतं. डॉक्टरांनी रोज रात्री सीपॅप मशीन लावून झोपायला सांगितलेलं असतं. अशा वेळी थोरला भाऊ, शेजारचे काका किंवा ऑफिसातलं कुणीतरी अगदी काळजीच्या सुरात म्हणतं, ‘अरे, त्या मशीनच्या नादी लागू नकोस. एकदा लावलं की सुटत नाही. फुप्फुसं आळशी होतात, मग मशीनशिवाय श्वासच घेता येत नाही.’ झालं. मशीन लांबणीवर पडतं. आधी दिवाळीनंतर बघू, मग मुलीच्या लग्नानंतर बघू, असं करत वर्षं निघून जातात.

सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सांगितलेली गोष्ट साफ चुकीची आहे आणि ती इतक्या घरांत इतक्या खात्रीने सांगितली जाते, की तिचा नीट समाचार घ्यायलाच हवा.

मुळात झोपेत श्वास अडकण्याच्या या आजाराच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या, नेहमीच्या प्रकारात फुप्फुसांचा काही दोषच नसतो. अडचण असते घशात. झोप लागली की जिभेचे, टाळूचे आणि घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो, त्यांचा श्वासाचा मार्ग जवळजवळ किंवा पूर्णच मिटतो. छाती वर-खाली होत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असं झालं की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू धोका ओळखून झोपणाऱ्याला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो आणि मोठा फुत्कार होऊन श्वास सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपलेल्या बायकोला. घोरणं एकदम थांबलं की तिच्या पोटात गोळा येतो. ती मनातल्या मनात आकडे मोजते आणि फुत्कार ऐकू आला की कूस बदलते. तासाला असे पाच ते पंधरा अडथळे म्हणजे सौम्य आजार, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर गेले की तीव्र.

आता मशीन काय करतं ते पाहू. सीपॅप खोलीतलीच हवा फिल्टरमधून ओढतं आणि नळीवाटे मास्कमध्ये ठरावीक दाबाने सोडतं. त्या हवेचा आधार मिळाला की सैलावलेला घसा मिटत नाही, एवढंच त्याचं काम. हा दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये आणि यंत्रं साधारणपणे 4 ते 20 सेंटिमीटरच्या दरम्यान चालतात. पेलाभर पाण्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवून फुंकर मारावी. बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढा हा दाब. श्वास आत घेण्याचं आणि बाहेर सोडण्याचं काम झोपणाऱ्याचे स्वतःचे स्नायू रात्रभर करतच असतात. त्यांना कुणी सुट्टी दिलेली नसते, मग ते आळशी होणार कसे?

तरीही कुणी म्हणेल, ‘पण मशीन बंद केल्यावर त्रास परत सुरू झालेला आम्ही पाहिलाय.’ बरोबर पाहिलंय, अर्थ मात्र चुकीचा लावलाय. झ्युरिचच्या संशोधकांनी 2011 मध्ये नेमकं हेच तपासलं. मशीन नियमित वापरणाऱ्या 41 रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे खरं मशीन आणि बाकीच्यांना परिणामकारक दाब नसलेलं मशीन दिलं. दुसऱ्या गटात श्वासाचे अडथळे लगेच परतले आणि दोन आठवड्यांत सकाळचा वरचा रक्तदाब पहिल्या गटाच्या तुलनेत सरासरी 8.5 अंकांनी चढला. म्हणजे दाबून ठेवलेला जुना आजार पुन्हा डोकं वर काढतो. याला व्यसन म्हणायचं असेल, तर चष्मा काढल्यावर अक्षरं पुसट दिसतात म्हणून चष्म्यालाही व्यसन म्हणावं लागेल. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हेही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंच आहे.

शिवाय ‘सुटत नाही’ हेही नेहमी खरं नसतं. वजन बरंच उतरलं, नाकातला किंवा टॉन्सिलचा अडथळा काढता आला, तर काहींचा दाब कमी करता येतो आणि काहींचं मशीन बंदही होतं. पण हे पुन्हा स्लीप स्टडी करून ठरवायचं असतं, घरातल्या घरात नाही.

हे मशीन येण्याआधी काय होतं, हे ‘मशीन नको’ म्हणणाऱ्यांनी जरूर जाणून घ्यावं. 1980 पर्यंत तीव्र स्लीप ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिका बाहेर उघडायची. सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे त्या वर्षी असाच एक रुग्ण आला, ज्याला गळ्याची शस्त्रक्रिया नको होती. सुलिव्हन यांनी हवा फेकणारी मोटर नळीने त्याच्या नाकावरच्या मास्कला जोडली आणि दाब हळूहळू वाढवत नेला. अडथळे थांबले. तो माणूस कित्येक तास सलग झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सुरुवातीच्या काळातले मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत आणि मोटरचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा होता. तरीही ते रुग्ण घरी मशीन लावून झोपत, कारण पर्याय काय होता ते त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे मशीनच्या भीतीत 2021 ने आणखी एक थर चढवला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत असंख्य मराठी कुटुंबांनी आपल्या माणसाला मास्क आणि नळीसह शेवटचं पाहिलं, तेही बहुधा फोनच्या पडद्यावर. ‘बायपॅप लावलंय’ (सीपॅपसारखंच मास्कचं यंत्र) हे शब्द तेव्हा ज्यांनी ऐकले, त्यांना तसाच मास्क घरातल्या उशीवर पाहून धडकी भरणारच. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटं बसून तिच्याविषयी बोललं पाहिजे. तिथे तो मास्क निकामी होत चाललेल्या फुप्फुसांसाठी होता. इथे फुप्फुसं धडधाकट आहेत आणि मास्क आहे तो मिटणाऱ्या घशासाठी.

याच गोंधळातून ‘ऑक्सिजनचं मशीन’ हा शब्द रूढ झालाय. सीपॅपमध्ये वेगळा ऑक्सिजन नसतो. रात्री नुसता ऑक्सिजन लावणं हा सोपा पर्याय वाटतो, पण 2014 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ॲप्नियाच्या रुग्णांचा रक्तदाब सीपॅपने उतरला, ऑक्सिजनने नाही. घसा मिटलेलाच राहिला, तर नाकाशी आलेला ऑक्सिजन आत जाणार कुठून?

आता मशीनऐवजी सुचवल्या जाणाऱ्या शंखाविषयी. ‘रोज शंख फुंका आणि मशीन फेकून द्या’ असे निरोप मोबाइलवर फिरतात आणि वाचून चीड येते, कारण त्यामागचं संशोधन खरं आहे आणि त्याचं जे केलं गेलं ते खोटं. जयपूरला मध्यम स्वरूपाच्या ॲप्नियाच्या 30 रुग्णांवर अभ्यास झाला, 2025 मध्ये तो प्रसिद्धही झाला. सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांचे अडथळे, नुसता दीर्घश्वसनाचा व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, तासाला सरासरी चार-पाचने कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळाला की असं होणं पटण्यासारखं आहे. पण ज्याचे तासाला चाळीस अडथळे होतात, त्याचे यातून फार तर पस्तीस होतील. पस्तीस म्हणजे अजूनही तीव्र आजारच. शंख वाजवावा, प्राणायाम करावा, आणि रात्री मशीनही लावावं.

मशीनच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवू नये. 2016 च्या ‘सेव्ह’ चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच झालेल्या 2,717 रुग्णांमध्ये सीपॅपने पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि आयुष्याची एकूण प्रत मात्र सुधारली. त्या चाचणीतला सरासरी वापर होता रात्री 3.3 तास. निम्मी रात्र मशीन आणि निम्मी रात्र मिटलेला घसा, अशा हिशोबातून हृदयाला किती लाभ होईल यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे. दुपारी गाडी चालवताना डुलकी लागणाऱ्या माणसाला मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही.

तरीही ‘लावून पाहिलं, गुदमरलो, काढून टाकलं’ असं सांगणारे पुष्कळ असतात आणि ते खोटं बोलत नसतात. चूक बहुतेक वेळा पहिल्या रात्रीच्या घाईत असते. मशीन घरी येतं, रात्री अकराला पट्टे आवळले जातात, दिवा मालवला जातो आणि तोंडावर हवा आदळते. पोहायला शिकताना कुणी पहिल्याच दिवशी विहिरीच्या खोल पाण्यात उतरत नाही. मास्क आधी दिवसा, टीव्हीवरच्या बातम्या पाहताना, नुसता हाताने नाकावर धरावा, मशीन न जोडता, चार-पाच मिनिटं. मग मशीन चालू करून, पण पट्टे न बांधता. मग पट्टे बांधून बसल्या बसल्या अर्धा तास. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून. रात्र त्यानंतर. ‘रॅम्प’ नावाची सोय चालू केली की दाब अगदी कमीपासून सुरू होतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू चढतो. चेहरा झाकला जाण्याची भीती असेल, तर नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन मऊ गाद्यांचा छोटा मास्क मिळतो. घसा कोरडा पडत असेल, तर यंत्राला पाण्याचं भांडं जोडता येतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही. कडेने हवा निसटून डोळ्यांत जात असेल, तर बहुतेक वेळा मास्कचं माप चुकलेलं असतं.

बाकीच्या समजुती थोडक्यात. ‘हा जाड्या माणसांचा आजार आहे’: लठ्ठपणाने धोका वाढतो हे खरं, पण मागे असलेली हनुवटी आणि अरुंद घसा सडपातळ माणसालाही असू शकतो. ‘हा पुरुषांचा आजार आहे’: पाळी बंद झाल्यावर बायकांमध्येही प्रमाण वाढतं आणि त्यांचा सततचा थकवा ‘वय झालं’ म्हणून बाजूला टाकला जातो. ‘एखादा पेग घेतला की झोप छान लागते’: दारूने घशाचे स्नायू आणखी सैलावतात. ‘मशीनच्या आवाजाने झोप येत नाही’: आजची यंत्रं छताच्या पंख्यापेक्षा शांत असतात. ‘वीज गेली तर गुदमरून मरू’: मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रं असतात, दाब गेला की माणूस जागा होऊन मास्क काढतो, वीज वरचेवर जात असेल तर मशीन इन्व्हर्टरवर चालतं.

आणि ‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’. ही समजूत सर्वांत जुनी. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या 250 पुरुषांच्या झोपेची तपासणी केली. हे पुरुष आजारी म्हणून आलेले नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आले होते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 19.5 टक्क्यांना झोपेत श्वासाचे अडथळे असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे लोकलच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दहा मध्यमवयीन पुरुषांतले जवळपास दोघे. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा रुग्णालयाने मृत्यूच्या कारणांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे याच आजाराचं, नाव घेतलं. त्यांना इतरही आजार होते. पण त्या दिवशी हे नाव अनेक घरांत पहिल्यांदा ऐकलं गेलं.

मशीन स्वस्त नाही, किंमत हजारो रुपयांत जाते. पण मोठ्या शहरांत ते महिनाभर भाड्याने मिळतं, तेव्हा विकत घेण्याआधी वापरून पाहता येतं. ज्यांच्या घरी ते आधीच आलं आहे आणि पंधरा दिवसांत कपाटावर गेलं आहे, त्यांनी आज संध्याकाळी ते खाली काढावं, फिल्टर पाहावा, मास्क धुऊन वाळवावा आणि बातम्या बघता बघता पाच मिनिटं नुसता नाकावर धरून बसावं.