गावचा संघ म्हणजे कुणाचा संघ?
तरुणांच्या व्हॉलीबॉल मंडळांविषयी चार शब्द



गळीत, उतारा आणि ऊसबिल यांच्या गोष्टी आपण नेहमीच वाचतो. आज थोडे मैदानाकडे वळू. अंबाजोगाई परिसरात संध्याकाळच्या वेळी दोन खांब, मध्ये जाळी आणि भोवती दहा-पंधरा पोरं हे चित्र काही नवीन नाही. व्हॉलीबॉल हा परवडणारा खेळ. एक चेंडू, एक जाळी आणि १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद जागा. काळ्या रानात मात्र मैदान करू नये. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. बालाघाटावर मुरमाला तोटा नाही. मुरूम टाकून, पाणी मारून रूळ फिरवला की मैदान तयार. त्यानंतर खरी अडचण सुरू होते, ती म्हणजे मंडळ चालवायचे कोणत्या तत्त्वावर?

हा खेळ १८९५ साली अमेरिकेतील होल्योक गावी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने काढला. कामधंदा करणाऱ्या पोक्त मंडळींना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती, त्यांच्यासाठी. सुरुवातीला एका बाजूला किती जण असावेत याचेही बंधन नव्हते. पुढे सहा जणांचा संघ ठरला आणि फिरतीचा नियम आला. समोरच्याची सर्व्हिस तोडून आपल्याकडे घेतली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकायचे. उंच पोराला कायम जाळीपाशी राहता येत नाही आणि बुटक्यालाही कायम मागे ठेवता येत नाही. आपल्या कारखान्याच्या सभेत एक एकरवाला आणि वीस एकरवाला यांचे मत एकच असते. हा नियम त्याच जातीचा वाटतो.

पण गावोगाव काय चालते? "अरे, मारणारा पुढंच राहू दे, फिरती-बिरती स्पर्धेत बघू!" सामना जिंकला जातो, हे खरे. पण बाकीच्या पाचांना जाळीवर उडी कशी घ्यावी हे कधी कळतच नाही, आणि मारणाऱ्याला मागे वाकून चेंडू उचलायची सवय लागत नाही. तो शिक्षणाला पुण्याला गेला की संघ बसला. म्हणून सरावात तरी फिरती प्रामाणिकपणे पाळावी.

दुसरी खोड आणलेल्या खेळाडूंची. जत्रेत रोख बक्षिसाची स्पर्धा लागली की बाहेरगावचे तीन-चार पट्टीचे खेळाडू पैसे देऊन आणायचे, गावाच्या नावाचे बनियन त्यांच्या अंगात घालायचे आणि वर्षभर घाम गाळलेली पोरं दोरीबाहेर टाळ्या वाजवायला. ढाल येते, हलगी वाजते, गुलाल उडतो. आमच्या मते अशा ढालीपेक्षा पहिल्या फेरीत हरलेला गावचा संघ बरा. निदान हरला कोण, हे तरी ठाऊक असते.

कारखान्याचा आणि या खेळाचा संबंध जगात गाजलेला आहे. जपानमध्ये ओसाकाजवळ काइझुका येथे निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तिथल्या मुली दिवसा गिरणीत काम करून रात्री उशिरापर्यंत सराव करीत. मुख्यतः याच मुलींच्या बळावर जपानने १९६२ साली जागतिक अजिंक्यपद आणि १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये रशियाला हरवून सुवर्णपदक मिळवले. पडता पडता चेंडू उचलून लगेच लोळण घेऊन उभे राहायचे, हे त्यांचे खास तंत्र. (आमच्या मुरमावर कुणी करू नये, कोपर-गुडघे सोलून निघतील.) त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु अतिशय कडक होते आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्यांची चिकाटी घ्यावी, पण शाळकरी पोरांवर तसला जाच नको. १९९९ पासून प्रत्येक चेंडूला गुण जातो. सर्व्हिस जाळीत गेली की समोरच्याला फुकटचा गुण. अशा वेळी चुकलेल्या पोराला बाकीचे पाच जण काय बोलतात, यावरून ते मंडळ ओळखावे. शिव्या ऐकलेला पोरगा पुढची सर्व्हिस भीतभीतच मारतो.

आता आपल्या जिल्ह्याची खरी गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणी भागातून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, बैलगाडी नाहीतर ट्रकमध्ये संसार. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात चार-पाच महिने कोयता. आई-बापाबरोबर नववी-दहावीचा पोरगाही जातो. शाळेत नाव राहते, मंडळातले मात्र जाते. पाडव्याच्या सुमारास तो परत येतो तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा असतो. दोन दिवस कडेला बसतो, तिसऱ्या दिवशी येतच नाही. ज्या उसावर आपला कारखाना उभा आहे, तो ऊस तोडणाऱ्याचेच हे पोर.

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक आणले. साऱ्या जिल्ह्याची मान उंचावली. पण धावणारा एकटा धावू शकतो, फडाच्या बांधावरूनसुद्धा. व्हॉलीबॉलला बाकीचे पाच लागतात. म्हणून गेलेल्याची जागा राखणे हे मंडळाचेच काम ठरते. जागा राखणे म्हणजे आल्या आल्या त्याला सामन्यात उतरवणे नव्हे. त्याचा बनियनचा नंबर दुसऱ्याला देऊ नये, जाताना एक जुना चेंडू बरोबर द्यावा, परतल्यावर पहिल्या दिवसापासून सरावाच्या फिरतीत घ्यावा. आणि मंडळाची मोठी स्पर्धा मार्गशीर्षात कशाला? चैत्र-वैशाखात घ्या, दिवे लावून रात्रीची. तेव्हा गाव भरलेले असते. जमत असेल तर पोरगा गावातच राहील असे बघणे सगळ्यात चांगले. शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या घरी जाऊन एवढी माहिती दिली तरी खूप.

मुलींचेही तेच, किंबहुना जास्त. आठवीपर्यंत येतात, मग घरचे म्हणतात, "आता पुरे झालं." त्यांना दिवस मावळायच्या आतली वेळ द्यावी, पोरांनी नंतर दिव्याखाली खेळावे. जाळी मुलींसाठी २.२४ मीटरवर आणि पुरुषांसाठी २.४३ मीटरवर असते, तेव्हा खांबाला दोन्ही खुणा आधीच करून ठेवाव्यात. म्हणजे मुली आल्या की कुणी "आता जाळी कोण उतरवणार?" म्हणणार नाही. मैदानाकडे एखाद्या बाईंचे किंवा आजीचे लक्ष असले की आई-बापही निर्धास्त राहतात.

वर्गणी सर्वांची सारखी असावी, ज्याला जमत नाही त्याने मैदानावर पाणी मारावे. जमाखर्च दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लिहावा. एखाद्या पुढाऱ्याने चेंडू दिला तर आभार मानून घ्यावा, पण संघ कोण निवडणार हे मंडळानेच ठरवावे. आणि यंदा टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या आठवड्यातच, जाणाऱ्या पोरा-पोरींची नावे आणि बनियनचे नंबर वहीत उतरवून ठेवावेत.