घासायचं घरी, फवारायचं गॅरेजात

जुनी गाडी घरच्या घरी रंगवता येते का, या प्रश्नाला गोरेगावात सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. रंगकाम म्हणजे मुळात दोन वेगळी कामं. एक पत्रा तयार करण्याचं, दुसरं रंग फवारण्याचं. पहिल्याला वेळ आणि चिकाटी लागते, दुसऱ्याला बंदिस्त, धूळमुक्त जागा आणि स्वच्छ श्वास. पहिलं काम मालकाने स्वतः करावं, कदाचित गॅरेजपेक्षा चांगलंच होईल. दुसरं मात्र घरी करू नये, असं माझं म्हणणं आहे.

आधी पत्र्याचं. पश्चिमेला मालाडची खाडी, हवेत खारा दमटपणा आणि वर चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे इथल्या गाड्यांना गंज लागतो तो ठरलेल्या जागी. चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडा आणि दरवाज्यांचा तळ या त्यातल्या मुख्य. दरवाज्याच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. वरून दिसतो तो रंगाखालचा मटकीएवढा फुगवटा. तो खरवडला की गंज त्याच्या कितीतरी पलीकडे पसरलेला सापडतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासत राहणं एवढाच त्यावर उपाय. घाईच्या गॅरेजात नेमकं हेच टळतं आणि गंजावरच पुट्टी चढते. पुट्टीचंही एक पथ्य आहे. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. उघड्या पुट्टीवर वॉटर पेपर चालवला, तर मुरलेलं पाणी रंगाखाली कोंडतं आणि पुढे फोड येतात. म्हणून पुट्टी कोरडीच घासायची, 80 नंबरच्या पेपरने सुरुवात करून 320 पर्यंत. पाणी लावायचं ते सरफेसर चढून वाळल्यावर, 600 आणि 800 ला. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड होत असेल, तर ते काम पुट्टीचं नाही, डेंटरचं आहे. या सगळ्याला महागडं यंत्र लागत नाही. पत्र्यावरून तळहात फिरवला की डोळ्यांना न दिसणारा खळगा बोटांना कळतो.

फवारणीची गोष्ट वेगळी. ‘पूर्वी पेंटर रस्त्याकडेला गाडी उभी करून रंगवायचे, त्यांना कुठे बूथ होता?’ असं कोणी म्हणेल. ते खरं आहे, पण तो रंग वेगळा होता. नायट्रोसेल्युलोजचा ड्युको रंग 1924 च्या ओकलंड गाड्यांवर आला तोच झटपट वाळण्याच्या गुणावर. धूळ बसायच्या आत तो सुकायचा आणि राहिलेला खडबडीतपणा रबिंगने जायचा. आजचा टू-के पीयू रंग हार्डनर मिसळून वापरतात. तो टिकाऊ असतो, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोडासा संपर्कही पुरतो. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. व्यावसायिक पेंटर नळीने बाहेरची स्वच्छ हवा घेणारा मुखवटा वापरतो, निदान वापरायला हवा. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. मोतीलाल नगरातल्या बैठ्या घरापुढची जागा असो की टॉवरखालचं स्टिल्ट पार्किंग, तिथे ठिणगी पडायला पंपाचा स्विच पुरतो आणि श्वास शेजाऱ्याचाही असतो. जुना ड्युकोच मारावा म्हटलं, तरी आगीचा धोका तोच, आणि दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात तर पीयूही बिघडतो, कारण हार्डनर ओलाव्याशी संयोग पावून बुडबुडे सोडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार त्यातल्या त्यात बरी.

‘मग स्प्रे कॅन?’ आरशाच्या कवचाला किंवा बंपरच्या कोपऱ्याला ठीक. बॉनेटसारख्या सपाट, मोठ्या भागावर कॅनचा पट्टा पट्ट्याला मिळत नाही, आणि हार्डनर नसलेल्या साध्या कॅनचा रंग पेट्रोल सांडलं तरी सुटू शकतो. याहून वजनदार आक्षेप पेंटरचा आहे: दुसऱ्याने तयार केलेल्या पत्र्यावर तो हमी का देईल? त्याचं बरोबरच आहे. म्हणून घासायला घेण्याआधीच त्याच्याशी बोलावं, उघडा पत्रा त्याला दाखवावा आणि प्रायमरपासून पुढचे थर त्याच्याच हातचे, त्याच्याच कंपनीचे ठेवावेत. मधल्या काळात पत्रा ओल्या हवेत उघडा राहता कामा नये, नाहीतर नवा गंज धरतो. एका वेळी एकच भाग काढावा. रंग बदलायचा असेल तर आरसीवरची नोंदही आरटीओकडून बदलून घ्यावी लागते.

अशी वाटणी केली तर पैसेही वाचतात, पण मुख्य लाभ तो नाही. रंगाचं आयुष्य खालच्या पत्र्यावर ठरतं, आणि तो पत्रा कसा आहे हे रंग चढल्यावर कोणालाच तपासता येत नाही. स्वतः घासणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं.