व्हिसा नको, पण कागद हवेत

वेस्ट इंडीज नावाचा संघ आपल्याला पाठ आहे, पण त्या नावाचा देश नकाशावर सापडत नाही. त्रिनिदाद-टोबॅगो, बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा असे अनेक देश क्रिकेटपुरते एकत्र येतात. सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९५३ मध्ये भारताचा पहिला संघ घेऊन तिकडे गेले होते. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. त्या दौऱ्यात सरदेसाई आणि गावसकर यांनी धावांच्या राशी घातल्या. तेव्हापासून त्रिनिदाद हे नाव मराठी माणसाला परके राहिलेले नाही.

मी कोल्हापुरात विमानाची तिकिटे आणि परदेशवारीची कागदपत्रे करून देतो. २०२४ च्या जूनमध्ये भारताने बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, त्यानंतर माझ्याकडे या बेटांची चौकशी करणारे वाढले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘तिथं व्हिसा लागत नाही म्हणे, खरं काय?’’ खरे आहे. पण एवढ्या उत्तरावर तिकीट काढू नये, हे सांगण्यासाठीच आजचे हे बोलणे.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदाद-टोबॅगोला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. जमैकात ही सवलत ३० दिवसांची आहे. बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिका येथेही व्हिसाशिवाय जाता येते, मुदत मात्र वेगवेगळी. बेट बदलले की देश बदलतो आणि नियमही बदलतो. याला एक अपवाद झाला तो २००७ च्या विश्वचषकात. तेव्हा दहा कॅरिबियन देशांनी फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत आपापसातल्या हद्दी एक केल्या आणि शंभर डॉलरचा एकच सामाईक व्हिसा काढला. स्पर्धा संपली, तशी ही व्यवस्थाही संपली.

व्हिसामुक्त देशांच्या याद्या मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यांची तारीख पाहायला हवी. केंद्र सरकारने २०२० मध्ये राज्यसभेत अशी सोळा नावे दिली होती. त्यात त्रिनिदाद होते आणि सर्बियाही होता. पण १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने भारतीयांची ही सवलत बंद केली. जुनी यादी पुढे पाठवणाऱ्याला हे ठाऊक नसते. म्हणून तिकिटाआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा नवी दिल्लीतील उच्चायुक्तालयाकडे खात्री करावी.

व्हिसा लागत नाही म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळाला, असे नव्हे. अर्ज आधी करावा लागत नाही, इतकेच. तपासणी तिथे उतरल्यावर होते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हाताशी ठेवावा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज मळ्यांवर राबायला भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला पोचले. त्यांचे वंशज आज तिथल्या लोकसंख्येत एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे समोरच्या अधिकाऱ्याचे आडनाव महाराज किंवा रामदीन असू शकते. म्हणून प्रश्न कमी होत नाहीत. किती दिवस राहू द्यायचे, हे तोच ठरवतो. जमैका, बार्बाडोससाठी आगमनाचा अर्जही ऑनलाइन भरायचा असतो.

आता खरी अडचण. भारतातून या बेटांना थेट विमान नाही. अमेरिका किंवा युरोपमार्गे जावे लागते आणि ज्या दारातून जायचे त्या दाराचे नियम लागतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने इंटरनेटवर मुंबई-न्यूयॉर्क-पोर्ट ऑफ स्पेन असे स्वस्त तिकीट काढले. त्रिनिदादला व्हिसा नको आणि न्यूयॉर्कला तर विमानतळाबाहेर पडायचेच नाही, असा त्यांचा हिशेब. पण अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी आधी त्या देशात प्रवेश घ्यावा लागतो आणि त्यासाठी ट्रान्झिट किंवा पर्यटक व्हिसा लागतो. मुंबईच्या काउंटरवरच त्यांना थांबवण्यात आले. तिकिटाचे बहुतेक पैसे बुडाले. ती त्यांची निवृत्तीची पुंजी होती.

काउंटरवरचा कर्मचारी एवढा कडक का असतो? कागद अपुरे असलेला प्रवासी तिकडे पोचला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमानकंपनीवर येते, वर अनेक देशांत दंडही होतो. म्हणून विमानकंपन्यांच्या संघटनेची ‘टिमॅटिक’ नावाची नियमांची यादी संगणकावर पाहूनच ते बोर्डिंग पास देतात. तिथे विनवणीचा उपयोग होत नाही.

लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीयांना विमानतळाच्या आतच विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल, तर यातून सूट मिळते. मात्र कॅरिबियनची बरीच विमाने गॅटविकहून सुटतात. आपण हीथ्रोला उतरलो आणि पुढचे विमान गॅटविकचे असेल, तर शहरात शिरावे लागते आणि त्याचे नियम वेगळे पडतात. युरोपातल्या इतर देशांचे नियमही सारखे नाहीत. तिकिटाची किंमत पाहण्याआधी मार्ग पाहावा.

मुलगा अमेरिकेत नोकरीला असेल तर आणखी एक गोष्ट. त्याच्या पासपोर्टवरचा एच-वन-बी व्हिसाचा शिक्का संपला असेल, तर कागदोपत्री नोकरी चालू असूनही कॅरिबियन बेटांवरून त्याला परत प्रवेश मिळत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीसाठी असलेली सूट इथे लागू नाही. चार दिवसांच्या सहलीपायी नोकरीच अडचणीत येऊ शकते.

बहुतेकांना माहीत नसलेला नियम आपल्याच देशाचा आहे. त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या गल्लीबोळात आहे. डेंगी पसरवणारा डास तोच. म्हणून ही काळजी. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य संघटनांकडे ती सोय आहे. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढचे लोक, गर्भवती स्त्रिया, अंड्याची ॲलर्जी किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

कपड्यांबद्दलही सांगितले पाहिजे. आपल्याकडे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपासून लहान मुलांपर्यंत लष्करी छापाच्या पँटी आणि टोप्या सर्रास दिसतात. त्रिनिदाद, बार्बाडोस आणि जमैकात असे कपडे सामान्य माणसाने वापरणे हा गुन्हा आहे. ते घरीच ठेवावेत.

सारांश असा. आधी पासपोर्टची मुदत पाहावी. नवा करायचा असेल तर कोल्हापुरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. मग मार्ग ठरवावा, त्या मार्गावरच्या देशांचे ट्रान्झिट व्हिसा मिळवावेत, लस घ्यावी आणि तिकीट सर्वांत शेवटी काढावे. आधी चौकशीसाठी तिकीट लागलेच, तर पैसे न भरता नुसते आरक्षण करून ठेवता येते. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. स्वस्त तिकीट दिसले की हात शिवशिवतात. पण हा प्रवास तीन दारांचा आहे. वाटेतले दार, बेटाचे दार आणि परतताना आपल्या घराचे दार. त्यांतले बेटाचे दार तेवढे सताड उघडे दिसते. उरलेल्या दोन दारांच्या किल्ल्या घरून निघतानाच खिशात हव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)