दोन इंजिनांचे एक इंजिन, त्यावर टर्बो. पण ते टिकते का?

‘हायब्रिड’ म्हटले की आज पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी डोळ्यांसमोर येते. गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्यांच्या धंद्यात मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ आहे. एका इंजिनाचा खालचा ब्लॉक घ्यायचा, दुसऱ्या इंजिनाचे हेड त्यावर बसवायचे आणि कोणत्याही कारखान्यातून कधीही बाहेर न पडलेले तिसरेच इंजिन तयार करायचे, याला तेथे हायब्रिड म्हणतात. अमेरिकेत अशा इंजिनाला गमतीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ही म्हटले जाते. या जोडकामावर टर्बोचार्जर चढविला की ताकद वाढते, यात शंका नाही. प्रश्न असतो तो इंजिन किती दिवस टिकणार याचा, आणि पैसे मोजण्यापूर्वी नेमका तोच विचारायचा राहून जातो.

या प्रकाराचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणजे होंडाची ‘बी’ मालिका. १९८९ मध्ये होंडाने जपानमधील इंटेग्रा गाडीत बी१६ए हे १,५९५ सीसीचे इंजिन आणले. टर्बोची मदत न घेता त्यातून १६० अश्वशक्ती मिळत असे. रोजच्या वापराच्या गाडीत लिटरमागे शंभर अश्वशक्ती ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्यामागे ‘व्हीटेक’ ही यंत्रणा होती. कमी फेऱ्यांवर व्हॉल्व्ह बेताने उघडतात. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह अधिक उंच व अधिक काळ उघडे राहतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या इंटेग्राच्या ‘एलएस’ या साध्या प्रकारात मात्र त्याच घराण्यातील, पण व्हीटेक नसलेले १,८३४ सीसीचे बी१८बी इंजिन येई. ताकद सुमारे १४० अश्वशक्तीच, पण कमी फेऱ्यांवर ओढ चांगली.

दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास एकच, ८१ मिलिमीटर. मोह होण्यास एवढे साम्य पुरेसे होते. मोठा ब्लॉक एलएसचा, श्वास घेणारे हेड व्हीटेकचे, असा हा संसार जमला. अपघातग्रस्त एलएस गाड्या भंगारात मुबलक होत्या आणि जपानमध्ये उतरविलेली जुनी इंजिने कंटेनर भरून अमेरिकेत येत होती. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’ चित्रपट आला आणि या हौसेला उधाण आले.

व्यास एक असला, तरी बाकी सारे एक नव्हते. बी१६एचा पिस्टन ७७.४ मिलिमीटर वरखाली होतो, एलएसचा ८९ मिलिमीटर. म्हणजे तितक्याच फेऱ्यांत एलएसच्या पिस्टनला अधिक अंतर कापावे लागते. हिशेब सोपा आहे. मिनिटाला ८,००० फेरे होत असताना बी१६एच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.६ मीटर असतो. एलएसचा पिस्टन ६,८०० फेऱ्यांवरच २०.२ मीटरपर्यंत पोहोचतो, आणि होंडाने त्याची मर्यादा तेथेच आखली होती. हेड व्हीटेकचे आहे म्हणून तेच इंजिन ८,५०० फेऱ्यांपर्यंत पळविले, की हा वेग २५ मीटरच्या वर जातो. हेडला ते झेपते. खालच्या भागाला कोणी विचारलेलेच नसते.

त्यातही वेगापेक्षा ताण महत्त्वाचा. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि पुन्हा खाली खेचला जातो, तेव्हा त्याचे सारे वजन कनेक्टिंग रॉडवर आणि रॉडच्या दोन बोल्टांवर येते. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,८०० वरून ८,५०० फेरे म्हणजे सव्वापट. ताण मात्र ५६ टक्क्यांनी वाढतो. जळालेला वायू बाहेर पडत असताना पिस्टनला वरून रोखणारा दाब जवळपास नसतो, त्या क्षणी बोल्टाला सर्वांत मोठा झटका बसतो. ‘रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला’ असे गॅरेजमध्ये म्हणतात, त्याची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या ताणून लांबलेल्या बोल्टापासून होते.

टर्बोचे काम वेगळे आहे. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. वातावरणाच्या दाबावर आणखी अर्धा बार दिला, तर सिलिंडरमधील हवा दीडपटीच्या जवळपास जाते आणि स्फोटाचा दाबही त्या मानाने वाढतो. पण हा दाब पिस्टनला खाली ढकलतो. रॉड त्याने दाबला जातो, ताणला जात नाही. वाढलेल्या फेऱ्यांनी रॉडचे बोल्ट थकतात, तर वाढलेल्या दाबाचा त्रास पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि सिलिंडरच्या भिंती यांना होतो. दोन आजारांची कारणे वेगळी, म्हणून पथ्येही वेगळी. यातून वरकरणी विचित्र वाटणारा निष्कर्ष निघतो. मर्यादित दाबाचा टर्बो लावून ७,००० फेऱ्यांच्या आत ठेवलेले इंजिन, टर्बो नसलेल्या पण ८,५०० फेऱ्यांपर्यंत पिळलेल्या हायब्रिडपेक्षा अधिक काळ चालू शकते. दोन्ही हौसा एकाच इंजिनावर भागविल्या, तर दोन्ही बाजूंनी मार बसतो.

खुद्द होंडाने काय केले, ते येथे पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या इंटेग्रा टाइप आरमध्ये ८७.२ मिलिमीटर चालीचे इंजिन ८,४०० फेऱ्यांपर्यंत जाई. त्यासाठी कंपनीने रॉड आणि पिस्टन खास वेगळे घडविले होते. पुढे २०१५ मध्ये युरोपातील सिव्हिक टाइप आरमध्ये होंडाने व्हीटेक आणि टर्बो यांची अधिकृत सांगड घातली. दोन लिटर, ३१० अश्वशक्ती, आणि फेऱ्यांची मर्यादा ७,०००. पिस्टनच्या वेगाचा हिशेब केला, तर तो सेकंदाला २० मीटर येतो, म्हणजे जुन्या साध्या एलएसइतकाच. शिवाय पिस्टनच्या आत तेलाने थंड होणारे मार्ग आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ही वाढीव तजवीज होतीच. हात मोकळे असतानाही कंपनीने टर्बो आल्यावर फेरे कमी केले, हे हायब्रिड बनवून देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

मग टर्बो लावायचाच असेल, तर एलएसवर व्हीटेकचे हेड हवे कशाला? रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी याचे सरळ उत्तर ‘नको’ असे आहे. हेडची श्वास घेण्याची क्षमता कमी पडते म्हणून तर व्हीटेक. ती उणीव टर्बो दाबाने भरून काढतोच. मूळ हेड तसेच ठेवून टर्बो लावलेले एलएस कमी दिमाखदार असेल, पण त्यात एक मोठा सांधा कमी असतो. अशी इंजिने दगा देतात ती बहुतेक वेळा सांध्यांपाशीच. शर्यतीच्या गाडीचे गणित निराळे. तेथे इंजिन दर मोसमात उघडायचेच असते.

या सांध्यांत सर्वांत नाजूक सांधा तेलाचा. व्हीटेक यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते, पण तिला तेल पोहोचविणारी वाट एलएसच्या ब्लॉकमध्ये नाही. म्हणून ब्लॉकच्या मागील बाजूस, तेलाच्या दाबाचा सेन्सर बसतो त्या जागेवरून बाहेरून एक नळी काढून हेडपर्यंत न्यावी लागते. टर्बोच्या बेअरिंगलाही तेल लागते आणि तेही अनेकदा याच जागेवरून घेतले जाते. म्हणजे सेन्सर, हेड आणि टर्बो हे तिघेही एकाच नळावर पाणी भरणारे. तेथे पितळी जोड टांगता ठेवला, की इंजिनाच्या थरथरीने त्याला तडा जाण्याची भीती असते. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडाले, तर इंजिन जाणे ही लहान गोष्ट ठरते. गाडी पेट घेऊ शकते. परत येणाऱ्या तेलाची वाटही तितकीच महत्त्वाची. टर्बोतून तेल केवळ उताराने खाली येते. नळी अरुंद असली, वळसा घेत असली किंवा ऑइल पॅनमधील तेलाच्या पातळीखाली उघडत असली, तर तेल टर्बोत तुंबते, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जाते आणि निळसर धूर येऊ लागतो. मग नवा टर्बो ‘खराब निघाला’ म्हणून बदलला जातो. धूर मात्र कायम राहतो.

आणखी एक उणीव सहसा बोलून दाखविली जात नाही. बी१६एच्या ब्लॉकमध्ये पिस्टनच्या तळावर तेलाचा फवारा मारून त्याला थंड ठेवणारी छोटी तोंडे आहेत. एलएसच्या ब्लॉकमध्ये ती नाहीत. टर्बोमुळे पिस्टन अधिक तापणार आणि थंडावा देणारी सोय नेमकी याच ब्लॉकमध्ये नाही.

उष्णतेचा विषय निघाला की नॉकिंगकडे वळावे लागते. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते, ते नॉकिंग. साध्या इंजिनात चढावर ‘टिकटिक’ ऐकू येते आणि चालक गिअर उतरवतो. टर्बोच्या इंजिनात तितका वेळ मिळेलच असे नाही. पिस्टनवर रिंगांच्या मधल्या पट्ट्या असतात, त्या तडकतात आणि सिलिंडरची पकड जाते. बी मालिकेच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरची वरची टोके चहूबाजूंनी मोकळी असून भोवती पाणी खेळते. थंडाव्याला हे उत्तम, पण दाब फार वाढला की ही टोके किंचित हलतात आणि हेड गॅस्केट फुंकले जाते.

यावर उपाय इंधन आणि टायमिंग यांच्या जुळवणीचा आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण त्याहून बरेच घट्ट, १२ च्या आसपास वा किंचित खाली ठेवतात आणि ठिणगी उशिरा देतात. कारखान्याच्या कॉम्प्युटरला यातले काहीच ठाऊक नसते. जुन्या टर्बो किटांत इंधनाचा दाब वाढविणारा एक रेग्युलेटर देऊन वेळ मारून नेली जाई. आज ती पद्धत पत्करू नये. कॉम्प्युटरचा नकाशा डायनोवर, मिश्रण मोजत, नव्याने लिहून घ्यावा लागतो. तोही थंड सकाळी लिहिलेला उन्हाळ्याच्या दुपारी पुरेल असा, म्हणजे थोडा हात राखून. दुसऱ्याच्या गाडीचा नकाशा उचलून आणणे म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे. ऑक्टेनच्या आकड्यांतही एक खोच आहे. अमेरिकेतील पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, भारतात केवळ संशोधन पद्धतीचा आकडा देतात. त्यामुळे तेथील ‘९१’ म्हणजे येथील ‘९१’ नव्हे, ते त्याहून वरच्या दर्जाचे असते. अमेरिकेतील गाडीचे टायमिंग येथे जसेच्या तसे लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

राहता राहिली मोजमापे, आणि खरे तर इंजिनाचे आयुष्य सर्वाधिक येथेच ठरते. होंडाच्या कारखान्यात क्रँकशाफ्ट आणि रॉड यांवर कोरलेल्या खुणा पाहून प्रत्येक जागी कोणत्या रंगाचे बेअरिंग बसवायचे ते ठरते, कारण तेलाच्या थरासाठी ठेवायची फट मिलिमीटरच्या शतांशांत असते. निरनिराळ्या इंजिनांचे भाग एकत्र आले, की हा मेळ तुटतो. तेव्हा प्रत्येक फट नव्याने मोजणे आणि मोजलेले लिहून ठेवणे एवढाच मार्ग उरतो. ‘फोर्ज्ड पिस्टन टाकले आहेत, आता काळजी नको’ हे आश्वासनही अर्धेच खरे. फोर्ज्ड पिस्टन नॉकिंगचा मार अधिक सोसतात. पण तापल्यावर ते अधिक फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये सैल बसवावे लागतात. थंडीत सकाळी ते खडखडतात आणि तेलही थोडे अधिक खातात. रिंगांच्या टोकांतील फटही टर्बोसाठी वाढवावी लागते. ती राहिली, तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि महागडा पिस्टनही फुटतो.

कारखाना एखादे इंजिन विकायला काढण्यापूर्वी ते पूर्ण भारावर शेकडो तास चालवितो, उकळत्या तापमानावरून एकदम गार करून पाहतो आणि मोडेपर्यंत मोडतो. हायब्रिड इंजिनाची ही चाचणी त्याचा मालकच, स्वतःच्या खर्चाने, महामार्गावर घेत असतो. त्यात कायद्याचाही भाग येतो. कॅलिफोर्नियात प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता नसलेला टर्बो किट लावलेली गाडी धूर-तपासणीत अडते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका पक्की केली. अपघातानंतर विमा कंपनीने नोंद नसलेल्या बदलावर बोट ठेवले, तर वाद घालण्यास फारशी जागा राहत नाही.

अशी तयार गाडी कोणी विकत घेत असेल, तर चकचकीत नळ्या आणि डायनोच्या कागदावरील अश्वशक्ती यांवर भुलू नये. मोजमापांची वही मागावी. ती नसेल तर किंमत त्याच हिशेबाने करावी. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ आहे का, ते तपासावे आणि शक्यतो लीक-डाऊन चाचणीही करून घ्यावी. तीत पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कोठून निसटते ते ऐकतात. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या आणि त्यात चांदीसारखे चमकणारे कण दिसले, तर बेअरिंग झिजू लागली आहेत असे समजून ऑइल पॅन उतरविल्याशिवाय व्यवहार करू नये.