कोयनेल गेले, साखरेचे काय?

माजरीच्या कोळसा खाणी मागे टाकून भामरागडकडे निघाले की जंगल दाट होत जाते आणि हिवतापाची धास्तीही. गंभीर हिवतापात कोयनेल हाच वर्षानुवर्षांचा आधार. आता त्याची जागा आर्टेसुनेटने घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ते 2006मध्ये प्रौढांसाठी आणि 2011मध्ये मुलांसाठी पुढे केले. बदल योग्यच होता: ओडिशातले रुग्णही सामील असलेल्या 2005च्या आशियाई चाचणीत कोयनेलवरचे 22 टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेटवरचे 15 टक्के. पण कोयनेलने शिकवलेला धडा त्याच्याबरोबर अडगळीत जातो आहे, याची खंत वाटते.

सिंकोनाच्या सालीतून 1820मध्ये कोयनेल वेगळे काढले गेले. पुढची दीडशे वर्षे 'कडू, पण गुणकारी' एवढ्यावर भागली.

खऱ्या उलगड्याचे दशक त्यानंतरचे. 23 डिसेंबर 1973ला भामरागडजवळच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांची मेंदूच्या हिवतापाशी गाठ पडू लागली. 1976मध्ये जर्मनीत नेहर आणि साकमन या शास्त्रज्ञांनी पेशीच्या आवरणातल्या एकेका आयन-वाहिनीतला प्रवाह मोजून दाखवला. सावरू लागलेला रुग्ण पुन्हा बेशुद्ध का पडतो, याचे एक उत्तर त्या वाहिन्यांत होते.

1983मध्ये निकोलस व्हाइट आणि सहकाऱ्यांनी थायलंडमधल्या हिवतापाच्या रुग्णांत पाहिले: रक्तातली साखर घसरलेली, इन्सुलिन चढलेले. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत पोटॅशियमची एक वाहिनी असते. ती उघडी असेपर्यंत पेशी शांत राहते. कोयनेल ती बुजवते. पेशीचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत शिरते, इन्सुलिन बाहेर पडते. गरोदर बाईला हा धोका सर्वांत मोठा. हृदयाच्या पोटॅशियम वाहिन्याही कोयनेल अडवते, म्हणून ते शिरेतून झटक्यात देत नसत. ग्लुकोजच्या सलाइनमधून चार तास थेंबथेंब सोडत.

तोवर साखर घसरून दगावलेले किती जण मेंदूच्या हिवतापाच्या नावावर गेले असतील? 'पेशंट उशिरा आणला' म्हणत आदिवासी आईबापांवर खापर फोडणे मात्र सोपे होते, आणि ते अजून थांबलेले नाही.

आर्टेसुनेट साखर तशी खाली ओढत नाही. पण गंभीर हिवताप स्वतःच ती उतरवतो, लहान मुलांत तर फारच. कोयनेलसोबत ग्लुकोज आपोआप शिरेत जाई. आर्टेसुनेटची सुई मिनिटा-दोन मिनिटांत टोचून होते आणि साखर तपासायची राहून जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. त्याआधी औषधांच्या खोक्यांतून कुप्यांइतक्याच काळजीने मोजलेल्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि ग्लुकोजच्या बाटल्या नदीपलीकडे पोचल्या पाहिजेत.