एकच रेकॉर्ड पाच वेळा

अण्णांच्या कपाटात एकच रेकॉर्ड पाच वेळा आहे. मुखपृष्ठ तेच, वादक तेच, सुरावटींचा क्रमही तोच. दर दिवाळीच्या साफसफाईत मोठ्या काकू तो गठ्ठा बाहेर काढतात आणि विचारतात, "एकाच आमटीची पाच पातेली कशाला हवीत?" अण्णा काही बोलत नाहीत. गठ्ठा पुसून परत आत ठेवतात.

अण्णा म्हणजे आमचे थोरले काका, मूळचे निपाणीचे. घरात मराठी आणि ओसरीवर कानडी, असं आपल्याकडच्या अनेक घरांसारखंच ते घर. १९६८ साली मँगनीजच्या खाणीत नोकरी लागली म्हणून ते मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात गेले आणि निवृत्तीनंतर राजेगावला घर बांधून राहिले. गोंदिया-बालाघाट रस्त्यावर, बाघ नदीकाठी हे गाव आहे. नदीच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. सीमाभागात जन्मलेला माणूस फिरून सीमेवरच जाऊन बसला, अशी आम्ही त्यांची थट्टा करतो.

जॅझचा नाद त्यांना रेडिओनं लावला. खाणीच्या वसाहतीत रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून चालू होता आणि ते मुद्दाम सावकाश, सुटं इंग्रजी बोलत. तसा जॅझ आपल्याला अगदीच परका नव्हता. १९५१च्या 'अलबेला'तली सी. रामचंद्रांची गाणी कोणत्या घरात वाजली नाहीत? त्यामागे चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट होता. गोव्यातल्या हळदोण्याच्या अँतोनियो झेवियर वाझ यांचं हे टोपणनाव. ते आपल्या वाद्यवृंदासह त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात.

तेहतीस वर्षं चढलेला सूर

तर ती पाच वेळा घेतलेली रेकॉर्ड म्हणजे माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू'. जॅझमधली बहुधा सर्वांत जास्त ऐकलेली. १९५९च्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तिचं ध्वनिमुद्रण झालं. माइल्स यांच्यासोबत जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि बिल इव्हान्स असे एकाहून एक वादक होते.

गेल्या पावसाळ्यात मी राजेगावला गेलो तेव्हा अण्णांनी पेटी पुढ्यात ओढली आणि जुन्या एलपीची पहिली बाजू लावली. पेटीवर सूर धरून म्हणाले, "जुळतो का बघ." जुळत नव्हता. रेकॉर्डचा सूर किंचित चढा होता. अर्ध्या स्वराहूनही कमी फरक, पण पेटी धरून बसलं की खटकावा इतका. मग त्यांनी १९९७ची सीडी लावली, तर सूर पेटीशी नीट मिळाला.

झालं होतं असं. २ मार्चच्या दिवशी ध्वनिमुद्रण करणारं मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू चाललेली टेप नंतर नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. त्या दिवशीच्या तीन रचना पहिल्या बाजूवर आहेत, त्यामुळे ती अख्खी बाजू चढ्या सुरात जगभर गेली. जोडीला दुसरं यंत्र चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता, पण ती टेप कोणी काढून पाहिली नाही. १९९२ साली ती वापरून सुधारलेली आवृत्ती निघाली, म्हणजे मध्ये तेहतीस वर्षं गेली. तोवर कित्येक वादकांनी त्या चढ्या सुराबरोबर आपलं वाद्य जुळवून रियाज केला असेल.

अण्णांचे पाच नग त्यासाठी आहेत. जुनी एलपी, १९८०च्या दशकातली सीडी, १९९७ची सीडी आणि नंतरच्या दोन एलपी. प्रत्येकीच्या आत चिठ्ठी आहे. कुठे झांजेचा आवाज बोथट आहे, कुठे बास फुगलेला आहे, कुठे खोलीची पोकळी जाणवते.

महाग म्हणजे खरी नव्हे

यातून कुणाला वाटेल की नवी आणि महाग आवृत्ती घ्यावी म्हणजे झालं. तसं नाही. ब्लू नोट कंपनीच्या गाजलेल्या रेकॉर्डचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी आपल्याच जुन्या टेपवरून उतारवयात नव्या सीडी करून दिल्या. ज्यानं मुळात ध्वनी टिपला त्यानंच पुन्हा हात फिरवला, तरीही रसिकांचं त्यांवर एकमत नाही. आवाज उगाच मोठा केलाय, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

२०२२ साली तर मोठीच गंमत झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपी मूळ टेपवरून थेट, मध्ये संगणकी रूपांतर न करता तयार होतात, असा शौकिनांचा पक्का समज होता. प्रत्यक्षात २०११ पासून त्यांतल्या अनेकांमध्ये डिजिटल टप्पा होता, हे उघड झालं. आपला कान संगणकाचा स्पर्श चटकन ओळखतो, असं छातीठोक सांगणारे कितीतरी जण त्याच एलपींचं कौतुक करत आले होते. प्रकरण कोर्टात गेलं. अण्णा ही हकिकत स्वतःवरच हसत सांगतात. त्यांच्याकडेही अशी एक एलपी आहे आणि तिच्या चिठ्ठीवर त्यांनी कधीकाळी 'अस्सल' असं लिहून ठेवलंय.

तेव्हापासून तुलना करताना ते दोन नियम पाळतात. एक म्हणजे दोन्हींचा आवाज सारखा ठेवायचा, कारण जे थोडं मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. दुसरा, कुठली आवृत्ती लावली आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. लावायचं काम काकूंकडे असतं. आमटीची पातेली म्हणणाऱ्या काकूच आता परीक्षक आहेत.

अज्जांचा स्क्रू

पण अण्णांच्या जिवाला लागलेली तबकडी जॅझची नाही. ती त्यांच्या वडिलांची, म्हणजे आमच्या अज्जांची. मिरजेला राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी. गदगला लहानपणी भीमसेन जोशींनी खाँसाहेबांचीच एक तबकडी ऐकली आणि गाण्यासाठी घर सोडलं, ही गोष्ट आपल्या भागात कुणाला सांगायला नको. आमच्या घरातून पळून कुणी गेलं नाही, पण रोज संध्याकाळी अज्जा ती तबकडी लावायचे आणि तिच्यासोबत गायचे.

निपाणीहून सामान हलवताना ती तडकली. अण्णांनी मग त्याच गाण्याची सीडी आणली. ऐकून म्हणाले, "हे खाँसाहेब नव्हेत." आम्ही मुलं मनातल्या मनात हसलो. वय झालं की जुनं ते सोनं वाटतं, असं आम्हाला वाटलं.

त्यांचं बरोबर होतं. सीडीत खरखर साफ करताना वरच्या पट्टीतला बारीक ध्वनीही गेला होता. खरखर आणि तंबोऱ्याचा झणकार, श्वास, 'स'-'श'चे उच्चार हे सगळं त्याच भागात असतं, त्यामुळे गाळणी फार बारीक लावली की दोन्ही जातं. शिवाय सूर चढा होता. जुन्या तबकड्यांवर ७८ छापलं असलं, तरी सगळ्यांचं मुद्रण नेमक्या त्याच वेगानं झालेलं नसे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८नं वाजवली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, म्हणजे पांढरी एकचा गवय्या काळी एकमध्ये जातो. तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधी संपतं.

मग खरा सूर कुठला? अज्जांचा चावीचा ग्रामोफोन अजून चालतो. त्याच्या वेगाचा स्क्रू त्यांनी जिथे ठेवला होता तिथेच आहे. इतकी वर्षं अण्णा तो खाँसाहेबांचा सूर मानत आले. त्या दिवशी मात्र त्यांनीच शंका काढली. अज्जांनी स्क्रू खाँसाहेबांच्या गळ्याला जुळवला होता की स्वतःच्या? त्यांचा स्वतःचा आवाज वर चढत नसे. कदाचित त्यांनीच तबकडी हळू केली असेल.

कानाला पटतं म्हणून वेग ठरवावा, तर तिथेही फसगत होते. हुबळीच्या गंगूबाई हानगल यांच्या 'गांधारी' या नावानं निघालेल्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या ऐका. आवाज बारीक आणि चढा. गंगूबाईंचा नंतरचा खर्जाचा आवाज ठाऊक असलेला माणूस म्हणेल, वेग चुकलाय, हळू करा. पण तेव्हा त्यांचा आवाज खरोखरच तसा होता. घशावरच्या उपचारानंतर तो बदलला.

घरी तबकड्या असतील तर

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील. त्या स्पिरिटनं पुसू नयेत. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. (ही लाख बालाघाट-गोंदियाच्या जंगलात पळस-कुसुमावर होते. "माझ्या दाराशी लाख आणि निपाणीला फुटकी तबकडी," असं अण्णा म्हणतात.) सौम्य साबणाचं पाणी पुरे, मधला कागद भिजू देऊ नये. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एलपीची सुई त्यांना चालत नाही, जवळपास तिप्पट जाड सुई लागते. पेन ड्राइव्हवर उतरवून घेताना आधी काहीही साफ न केलेली प्रत ठेवावी आणि मगच सफाई केलेली वेगळी करावी. कुठल्या वेगानं वाजवली तेही लिहून ठेवावं. वाट विचारायची असेल तर मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'चं काम पाहावं.

अण्णांनी आता नातीसाठी अज्जांच्या तबकडीचे तीन तुकडे केलेत, म्हणजे ध्वनीचे! तडकलेल्या तबकडीसारखी दुसरी धड तबकडी एका परिचितांकडे मिळाली. एक प्रत नेमक्या ७८नं, एक पेटीला जुळवून आणि एक अज्जांच्या स्क्रूवर. तिन्हींत दर फेरीला होणारी खरखर आहे.

नातीनं विचारलं, "अज्जा, यातली खरी कुठली?"

अण्णा कानडीत म्हणाले, "केळु." आपल्याला ठाऊक आहेच, त्याचा अर्थ ऐक असाही होतो आणि विचार असाही. ती तिसरी प्रत लावून बसली. स्वयंपाकघरातून काकूंनी हाक मारली, "ती मामंजींची ना? आवाज थोडा वाढव."