दोन बोटं उंचीचा ऊस

सकाळी 6.30
राहुरीजवळच्या रेल्वे फाटकापाशी उभी आहे. गाडी बघायला नाही, माझ्या लघुरेल्वेच्या देखाव्यासाठी खडी बघायला आले आहे. रुळांच्या मधली खडी तेलानं काळवंडलेली, कडेची धुळीनं मातकट. रुळाचा फक्त माथा चकाकतो, बाजू गंजून तपकिरी. खेळण्यातल्या रुळाला मुळात हा गंजच नसतो.

सकाळी 9
शेतातली काळी माती वाळवून, कुटून वस्त्रगाळ केली. आता कागदावर पसरून वरून चुंबक फिरवते. बेसाल्टची ही माती, तिच्यात लोहकण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. मातीचा थर अगदी पातळ देते. जाड दिला तर सुकताना भेगा पडतात, आणि इथं एक मिलिमीटरची भेग म्हणजे शेतात जवळजवळ नऊ सेंटिमीटरची.

सकाळी 11
प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, तो या मापात 19 च्या थोडा वर जातो. बाजारात मिळणारा रूळ 16.5 चा, युरोपी गेजचा. मी तोच वापरते. रुळांतलं अंतर कुणाच्या नजरेत भरत नाही, खोटा ऊस मात्र लगेच भरतो.

दुपारी 2
आधी साल ठरवावं लागतं, मग पीक. इथला दौंड–मनमाड मार्ग 1878 चा. भंडारदरा धरण पूर्ण झालं 1926 ला, आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला तो पुढे. जुन्या वाफेच्या इंजिनाशेजारी बाजरीच शोभली असती. माझं इंजिन डिझेलचं, डब्ल्यूडीएम-2, जेमतेम वीस सेंटिमीटरचं. म्हणून ऊस.

तीन मीटरचा ऊस इथं 34 मिलिमीटर होतो. काथ्याचे धागे हिरवे रंगवून एकेक रोवते आणि अर्धं शेत तुटलेलं ठेवते. उभ्या उसाची नुसती भिंत दिसते, तोडीत माणसं दिसतात. पाथर्डीकडून, बीडकडून आलेली जोडपी, कोयता, मोळ्या, वाढे, बांधाला कोप्या. तयार बाहुल्या मिळतात त्या कोट-टोपीवाल्या. त्यातल्या बायकांना टिश्यू पेपरची लुगडी नेसवते, काष्ट्याची. डोक्यावर मोळी असली की मान ताठ आणि पाऊल आखूड पडतं. तशी ठेवण साधेपर्यंत बाहुली पुन्हा पुन्हा वाकवते. ही बाई नीट उभी राहिली नाही, तर बाकीच्या देखाव्याला अर्थ नाही.

संध्याकाळी 6
दिवा तिरका लावून सावल्या तपासल्या. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथं गाड्यांबरोबर अख्खं शहर चालतं. मला शहर नको, माझा तालुका हवा.

रात्री 9
पाणी, फेविकॉल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. हे मिश्रण ड्रॉपरनं खडीत सोडलं. साबणामुळे ते तळापर्यंत झिरपतं. सुकायला रात्र लागेल. उद्या फाटकाचा रस्ता. डांबर उखडलेलंच हवं, हंगामात उसाचे ट्रेलर जातात तिथून.